घरातलं केमिकल अंगात नेमकं किती जातं? कागद-पेन घेऊन घरच्या घरी करायचा हिशोब

घरात लहान मूल असलं की हा प्रश्न येतोच, की रात्रभर लावलेलं डासांचं लिक्विड, फरशीवरचं फिनेल, कपाटातल्या डांबरगोळ्या, ह्यातलं पोराच्या अंगात किती जात असेल. आणि उत्तरं दोनच मिळतात, एक "काय होत नाही, आम्ही पण ह्यातच वाढलोय की" आणि दुसरं व्हॉट्सॲपवरचं "हे विष आहे, आजच फेकून द्या". दोन्हीत आकडा कुठंच नसतो. आकडा काढता येतो. ह्याला एक्सपोजर मॉडेलिंग म्हणतात, मोठ्या संस्था हेच करतात आणि त्याचा गाभा शाळेतल्या गणिताएवढाच आहे, म्हणून सविस्तर लिहितेय, आपलं कोल्हापुरातलं घर, इथला पाऊस आणि आपल्या वापरातल्या वस्तू धरून.

आधी एक गोष्ट पक्की करूया. केमिकल किती घातक आहे हा एक प्रश्न, आणि ते तुमच्यापर्यंत किती पोचतं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं, ते आपल्या हातात नाही. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या घरात ठरतं, खोली केवढी, खिडकी उघडी का बंद, मशीन किती तास चालू, झोपणारं माणूस साठ किलोचं का बारा किलोचं. एकच बाटली शिवाजी पेठेतल्या जुन्या कौलारू घरात लावली आणि तीच आर. के. नगरात नव्या फ्लॅटच्या घट्ट बसणाऱ्या स्लायडिंग खिडकीच्या बेडरूममध्ये लावली, तर अंगात जाणारा आकडा चार-पाच पट वेगळा येऊ शकतो. बाटलीवरचं लेबल मात्र तेच.

सुरुवात यादीपासून. खोलीप्रमाणे फिरायचं, बाथरूम, स्वयंपाकघर, झोपायची खोली, देवघर, आणि प्रत्येक वस्तूपुढं लिहायचं की ती अंगात कुठल्या वाटेनं येते. वाटा तीनच, श्वासातून, कातडीतून, तोंडातून. काही वस्तूंना एकच वाट असते, काहींना तिन्ही. रांगणाऱ्या बाळाला फरशीवरचं क्लीनर तिन्ही वाटांनी मिळतं, हवेतला वास नाकात, गुडघे-तळहात ओल्या फरशीवर, आणि तेच हात तोंडात. एक ते दोन वर्षांचं मूल घरात असताना तासाला साधारण वीस वेळा हात तोंडात घालतं, ही अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, एक्सपोजरच्या हँडबुकमधली सरासरी आहे. यादी लांबलचक होईल, घाबरू नका, सगळ्याचा हिशोब करायचा नसतोच. जे रोज वापरता, जे जास्त वेळ चालू राहतं आणि जे लहान मुलाच्या किंवा गरोदर बाईच्या जवळ असतं त्याला खूण करा. पहिल्या फेरीला तीन-चार वस्तू बास झाल्या.

आता लेबल. डासांच्या लिक्विडवर, कॉइलवर, झुरळाच्या स्प्रेवर औषधाचं नाव आणि टक्का लिहावाच लागतो, कारण ही सगळी कीटकनाशकं आहेत आणि १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली त्यांची नोंदणी लागते, बाटलीवर तो विषाचा रंगीत तिरका चौकोन पण असतो. सुट्टी विकायला येणारी डास मारायची अगरबत्ती, जिच्या पाकिटावर ना नोंदणी क्रमांक ना टक्का, तिचा हिशोबच करता येत नाही, आणि ज्याचा हिशोब करता येत नाही ते माझ्या मते झोपायच्या खोलीत आणूच नये. कॉस्मेटिक्सवर घटकांची यादी असते पण टक्के बहुतेक नसतात. फिनेल आणि क्लीनरवर तर कधी कधी "सुगंधी द्रव्य, रंग" एवढ्यावरच भागवलेलं असतं. अशा वेळी कंपनीच्या वेबसाइटवर सेफ्टी डेटा शीट शोधा. त्यात तिसऱ्या भागात घटक आणि टक्क्यांची रेंज असते, नवव्या भागात ते केमिकल किती उडतं ते कळतं. प्रत्येक केमिकलला एक सीएएस नंबर असतो, तो उतरवून घ्या, कारण एकाच केमिकलची दहा नावं असतात आणि नंबर एकच, उदाहरणार्थ डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनचा ९१-२०-३.

मग खोली मोजा. टेप घ्या, लांबी-रुंदी-उंची फुटात घेतली तरी चालेल, गुणाकार करा आणि ३५.३ नं भागा, घनमीटर मिळतात. दहा बाय दहाची खोली, दहा फूट उंची, म्हणजे १००० घनफूट, म्हणजे २८.३ घनमीटर. पुढची सगळी उदाहरणं मी हीच खोली धरून करणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा म्हणजे खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते. गच्चीवरची टाकी डोळ्यापुढं आणा, वरून नळ चालू आहे आणि खाली तोटी उघडी आहे. नळ म्हणजे हवेत सुटणारं केमिकल, तोटी म्हणजे खिडकी-दारातून बाहेर जाणारी हवा. काही वेळानं पाणी एका पातळीला येऊन थांबतं, ती पातळी नळावर आणि तोटीवर ठरते. घरातल्या हवेचं मॉडेल एवढंच आहे. सूत्र असं, आधी खोलीचे घनमीटर गुणिले तासाला हवा बदलण्याचा आकडा, आणि मग तासाला सुटणाऱ्या मिलीग्रॅमना त्या गुणाकारानं भागायचं. उत्तर येतं एका घनमीटर हवेत किती मिलीग्रॅम.

दारं-खिडक्या गच्च बंद असल्या तर हा हवेचा आकडा अर्ध्याच्या आसपास धरायचा, म्हणजे तासाला ०.५. एक खिडकी थोडी उघडी, दार अधूनमधून उघडतंय, तर १ ते २. समोरासमोर खिडक्या उघड्या आणि वारं असलं तर ५ च्या पुढं पण जातो. कौलांच्या फटीतून, जुन्या लाकडी दारातून हवा येतच राहते, म्हणून पेठेतली घरं ह्या बाबतीत नव्या फ्लॅटपेक्षा बरी. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं जो पाऊस लागतो त्यात घर कुठलं पण असो, खिडक्या दिवसदिवस बंद, आणि डास नेमके तेव्हाच, म्हणजे नळ जोरात आणि तोटी बंद. म्हणून हिशोब पावसाळ्याचा वेगळा आणि उन्हाळ्याचा वेगळा करायचा, वर्षाचा एकच आकडा काढून काही कळत नाही.

हा आकडा मोजायचा असेल तर तो पण मोजता येतो. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मिळतो, कुणाकडून उसना आणला तरी चालेल. चार माणसं खोलीत दार लावून गप्पा मारत बसा, आकडा १५०० च्या पुढं गेला की मीटर चालू ठेवून सगळे बाहेर या, दार-खिडक्या रोज रात्री असतात तशाच ठेवा. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० च्या आसपास असतो, तो आधी गॅलरीत जाऊन बघून घ्या. समजा मीटर १५०० वर असताना बाहेर आलात आणि तासाभरानं ९६० झाला. दोन्हीतून ४२० वजा करा, १०८० आणि ५४०. म्हणजे तासात निम्मा झाला. निम्मं व्हायला एक तास लागला तर हवा बदलण्याचा आकडा ०.६९, अर्धा तास लागला तर १.४, दोन तास लागले तर ०.३५. शास्त्रात लॉगरिदम लागतो, पण "निम्मं व्हायला किती तास" बघून ०.६९ ला तेवढ्यानं भागलं की झालं. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी करा, वाऱ्यानं फरक पडतो.

आता खरा हिशोब करून बघू, डासांच्या लिक्विडचा. बाटली ४५ मिलीची, वर लिहिलंय ट्रान्सफ्लुथ्रिन १.६ टक्के. लिक्विड पाण्यापेक्षा हलकं असतं, ४५ मिलीचे साधारण ३६ ग्रॅम धरू. त्याचे १.६ टक्के म्हणजे ५७६ मिलीग्रॅम औषध सगळ्या बाटलीत. बाटली रोज आठ तास लावून ४५ रात्री पुरते असं धरलं तर ३६० तास, म्हणजे तासाला १.६ मिलीग्रॅम खोलीत सुटतंय. कंपनी किती रात्री सांगते ह्यापेक्षा तुमच्या घरात किती पुरते ते बघा, बाटलीवर मार्करनं तारीख टाकायची आणि संपली की परत तारीख, कारण बटण जास्तीवर ठेवलं की बाटली लवकर संपते आणि तासाचा आकडा त्याच हिशोबात वाढतो.

बंद खोली, हवेचा आकडा ०.५. २८.३ गुणिले ०.५ म्हणजे १४.१५, तर १.६ भागिले १४.१५, म्हणजे घनमीटरला ०.११ मिलीग्रॅम. तीच खोली पण खिडकीला जाळी बसवून खिडकी उघडी ठेवली, हवेचा आकडा २, तर ०.०२८. चौथा हिस्सा.

आता अंगात किती गेलं. झोपेत माणूस मिनिटाला साडेचार-पाच लिटर हवा घेतं, म्हणजे आठ तासात साधारण २.२ घनमीटर. आणि इथं एक गोष्ट आहे जी आईबापांना माहीत असायलाच पाहिजे. झोपेतला हा आकडा दीड-दोन वर्षांच्या मुलाचा आणि मोठ्या माणसाचा जवळपास सारखाच आहे, ईपीएच्या त्याच हँडबुकमध्ये वयाप्रमाणे तक्ता आहे त्यात दिसतं. हवा सारखी, वजन पाचवा हिस्सा. बंद खोलीत दोघांच्या श्वासातून ०.२५ मिलीग्रॅम जातंय, पण ६० किलोच्या बापाला ते किलोमागं ०.००४ मिलीग्रॅम पडतं आणि शेजारी झोपलेल्या १२ किलोच्या पोराला ०.०२१. एकाच गादीवर, एकाच हवेत पाचपट. म्हणून हिशोब करताना घरातलं सगळ्यात हलकं माणूस धरायचं, कायम.

हा आकडा वरच्या टोकाचा आहे हे पण लक्षात ठेवा. ह्या सूत्रात आपण असं धरलंय की औषध फक्त हवेतून बाहेर जातं. प्रत्यक्षात बरंचसं भिंतीवर, चादरीवर, मच्छरदाणीवर, मुलाच्या खेळण्यांवर बसतं, त्यामुळं हवेतला आकडा कमी असतो. पण बसलेलं गायब होत नाही, ते हाताला लागतं आणि तिथून तोंडात. म्हणजे श्वासाची वाट थोडी अरुंद झाली आणि हाताची उघडली. शिवाय मशीन चालू केल्या केल्या पातळी येत नाही, बंद खोलीत ती गाठायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळं पहिल्या तासांचा आकडा कमी असतो. अंदाज काढताना वरच्या टोकाचाच काढायचा, तो जर मर्यादेच्या खाली आला तर निवांत, वर आला तर मग बारकाईत शिरायचं.

कॉइलला हे सूत्र लावू नका. म्हणजे औषधासाठी लावता येईल, पण कॉइल जळते आणि जळताना जे तयार होतं ते लेबलवर नसतंच. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात कॉइलचा धूर मोजला होता, एका कॉइलमधून जेवढे बारीक कण सुटले ते ७५ ते १३७ सिगरेटींएवढे होते. दहा बाय दहाच्या बंद खोलीत कॉइल लावून पोराला झोपवणं ह्याच्यासाठी मला तरी कुठल्या हिशोबाची गरज वाटत नाही. धूप, उदबत्तीचं पण हेच, जे जळतं त्याचा धूर मोजायचा, लेबल नाही, देवघरात लावा पण खिडकी उघडून आणि बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवून.

आता डांबरगोळ्या. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण आपल्याकडं त्या अजून प्रत्येक कपाटात आहेत, ट्रंकेत पैठणीच्या घडीत, लोकरीच्या कपड्यांत, अंथरुणाच्या पेटीत. चांगली बाब अशी की ह्याचा हिशोब सगळ्यात खात्रीशीर होतो, कारण गोळी किती सुटते ते वजन करून कळतं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन मिळतो, नसेल तर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, ओळखीच्या दुकानात दोन मिनिटांत वजन करून देतील. गोळ्या पातळ जाळीच्या पिशवीत घालून ठेवा, आज वजन लिहा आणि महिन्यानं परत करा. जेवढं कमी झालं तेवढं उडालं, आणि उडालेलं एक तर कपड्यात आहे नाही तर खोलीत.

समजा दहा गोळ्यांचं वजन तीस दिवसांत ६ ग्रॅमनं घटलं. ६००० मिलीग्रॅम भागिले ७२० तास, तासाला ८.३ मिलीग्रॅम. आपल्या त्याच खोलीत, हवेचा आकडा ०.५ धरून, घनमीटरला ०.५९ मिलीग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये घरातल्या हवेसाठी जी मार्गदर्शक पातळी दिली त्यात नॅप्थलीनसाठी वर्षाची सरासरी घनमीटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे. म्हणजे जवळपास साठपट. खिडकी उघडी ठेवून हवेचा आकडा २ केला तरी ०.१५, पंधरापट. आता कुणी म्हणेल कपाट बंद असतं, सगळं खोलीत येत नाही, ठीक आहे, दहावा हिस्साच येतो धरा, तरी बंद खोलीत सहापट उरतं. कसाही हिशोब फिरवला तरी खाली येत नाही, आणि असा निकाल आला की समजायचं इथं बारीक मोजत बसण्यात अर्थ नाही, वस्तूच बदलायला पाहिजे. युरोपियन युनियननं नॅप्थलीनच्या गोळ्या २००८ मध्ये बंद केल्या. कॅन्सरवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयएआरसी नॅप्थलीनला माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या गटात, २बी मध्ये, धरते.

आणि बाळाच्या बाबतीत तर गोष्ट आकड्याच्या पण पुढची आहे. आपल्याकडं थोरल्या पोराची झबली, कुंची, दुपटी जपून ट्रंकेत ठेवतात आणि धाकट्याच्या बारशाला काढतात. त्यात डांबरगोळ्या असतातच. काही बाळांना जन्मतः जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, बघून कळत नाही. अशा बाळाच्या अंगाला नॅप्थलीनच्या वासाचं कापड गुंडाळलं की रक्तातल्या लाल पेशी फुटतात, कावीळ होते आणि ती इतकी वाढू शकते की मेंदूला धोका पोचतो. डॉक्टरांच्या नोंदींत अशी बाळं आहेत. तेव्हा ट्रंकेतली दुपटी काढली की आधी धुवायची, कडक उन्हात वाळवायची, वास पूर्ण गेला का बघायचं, आणि शक्यतो नवजात बाळाला ती वापरायचीच नाहीत. कपड्यांना कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, कपडे कोरडे करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कापूर आणि डांबरगोळी दिसायला सारखी असते म्हणून कधी कधी घरात अदलाबदल होते, दोन्ही मुलांच्या हाताला लागतील असं ठेवू नका, दोन्ही गिळल्या तर धोक्याच्याच. बाथरूममध्ये टांगायच्या वड्यांत कधी कधी पॅरा-डायक्लोरोबेंझीन असतं, त्याला पण हीच वजनाची पद्धत चालते, फक्त खोली बाथरूमएवढी धरा, चार बाय सहा आणि आठ फूट उंची म्हणजे साडेपाच घनमीटर.

कातडीचा हिशोब सोपा आहे. हात पातळ द्रवात बुडवून काढला की कातडीवर साधारण ०.०१ सेंटीमीटर जाडीचा थर राहतो असं धरतात. दोन्ही हातांचं क्षेत्रफळ ९०० चौरस सेंटीमीटर, म्हणजे ९ मिली द्रव हातावर. फरशीच्या क्लीनरमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड, म्हणजे जंतू मारणारं केमिकल, समजा १ टक्का आहे, दहा लिटर पाण्यात ५० मिली टाकलं, तर हातावर अर्धा मिलीग्रॅमसुद्धा येत नाही. पण तेच क्लीनर न मिसळता सरळ फडक्यावर ओतून ओटा पुसला की ९० मिलीग्रॅम. दोनशेपट. काम करणाऱ्या मावशींच्या हाताची सालं निघतात, भेगा पडतात त्यामागं बऱ्याचदा हे असतं, आणि त्या तर एका दिवसात चार-पाच घरं करतात, म्हणजे त्यांचा हिशोब आपल्या घराचा एकट्याचा नाहीच, सगळ्या घरांची बेरीज आहे. मावशींना हातमोजे आणि मोजून ओतायला टोपण द्या, आणि "जास्त टाका, वास आला पाहिजे" हे सांगणं बंद करा.

अंगाला लावायच्या वस्तूंमध्ये एकच भेद बघायचा, धुऊन टाकायची का लावून ठेवायची. युरोपच्या ग्राहक सुरक्षा समितीच्या, एससीसीएसच्या, आकड्यांत शाम्पू दिवसाला १०.४६ ग्रॅम धरतात पण त्यातला अंगावर राहतो फक्त शंभरावा हिस्सा, ०.११ ग्रॅम. बॉडी लोशन ७.८२ ग्रॅम आणि ते सगळंच्या सगळं राहतं. दोन्हीत एखादं प्रिझर्व्हेटिव्ह अर्धा टक्का असलं तर शाम्पूतून अर्धा मिलीग्रॅम आणि लोशनमधून ३९. म्हणजे शाम्पूच्या लेबलवरून भांडत बसण्यापेक्षा दिवसभर अंगावर राहणारं तेल, क्रीम, लोशन ह्यांची लेबलं वाचा. बाळाच्या मालिशचं तेल आधी. पण हे ग्रॅम युरोपातल्या माणसांचे आहेत, आपल्याकडं डोक्याला तेल रोज आणि शाम्पू आठवड्यातून एकदा-दोनदा, तेव्हा स्वतःच्या बाटलीचं वजन करून स्वतःचा आकडा काढा. एक ध्यानात ठेवा, हे अंगावर लागलेलं झालं, कातडीतून आत त्याचा काही भागच जातो. किती जातो माहीत नसलं तर सगळं गेलं असं धरून वरचं टोक काढायचं.

आता आलेला आकडा कशाशी ताडायचा. हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत, नॅप्थलीन सांगितलं, फॉर्मल्डिहाइडसाठी अर्ध्या तासाची सरासरी ०.१ मिलीग्रॅम. डासांच्या औषधांसाठी युरोपियन केमिकल्स एजन्सीचे असेसमेंट रिपोर्ट सगळ्यांना बघायला खुले आहेत, ट्रान्सफ्लुथ्रिनचा पण आहे. काही ठिकाणी मर्यादा दिलेली नसते, फक्त प्राण्यांवरच्या प्रयोगात किती डोसला काहीच झालं नाही तो आकडा असतो. त्याला आपल्या आकड्यानं भागायचं, उत्तर शंभरच्या वर पाहिजे. शंभर का, तर प्राणी आणि माणूस ह्यात फरक असतो त्यासाठी दहा, आणि माणसामाणसात फरक असतो त्यासाठी दहा. लहान मूल, दमेकरी, गरोदर बाई घरात असेल तर मी शंभरच्या काठावर समाधान मानणार नाही.

एक आकडा काढून झाला की लगेच त्याच्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक आकड्याची खालची आणि वरची बाजू लिहा, हवा ०.३ ते ३, तास ६ ते १०, मुलाचं वजन ९ ते १४, बाटली किती रात्री पुरते ते. मग गूगल शीट उघडा, प्रत्येक आकड्याला एक कॉलम, त्यात रँड फंक्शननं त्या रेंजमधला कुठला पण आकडा येऊ द्या, शेवटच्या कॉलमला सूत्र, आणि हजार ओळी खाली ओढा. हजार वेगवेगळी घरं तयार झाली. त्यातला मधला आकडा बघा आणि ९५ वा पर्सेंटाइल बघा, म्हणजे शंभरातली ९५ घरं ज्याच्या खाली येतात तो आकडा. मधला म्हणजे साधारण घर, ९५ वा म्हणजे खिडक्या बंद ठेवणारं, लहान पोराचं घर. ईपीएचं शेड्स नावाचं मॉडेल असंच चालतं, फक्त त्यात माणसं हजारो, वस्तू हजारो आणि वापराचे आकडे सर्वेक्षणातून घेतलेले. ह्याच शीटमध्ये एकेक कॉलम स्थिर ठेवून बघा, कुठल्यानं उत्तर सगळ्यात जास्त हलतं. मी धरलेल्या रेंजमध्ये हवेचा कॉलम सगळ्यात जास्त हलवतो, तासांचा आणि वजनाचा त्याच्या खूप मागं राहतो. म्हणजे बाटलीचा ब्रँड बदलण्यात जेवढी चर्चा होते तेवढी खिडकीला जाळी बसवण्यात व्हायला पाहिजे.

हातानं करायचा कंटाळा आला तर कॉन्सएक्स्पो नावाचं फुकट वेब टूल आहे, नेदरलँड्सच्या आरआयव्हीएम ह्या सरकारी संस्थेचं. त्यात स्प्रे, क्लीनर, रंग, कॉस्मेटिक्स सगळ्यांची मॉडेल्स तयार आहेत. फक्त त्यातले डिफॉल्ट आकडे जसेच्या तसे घेऊ नका, ते डच घरांचे आहेत, त्यांची बैठकीची खोली ५८ घनमीटरची धरलेली असते, आपल्या दहा बाय दहाच्या दुप्पट. खोली, हवा, वजन, वापर हे चारी रकाने स्वतःच्या आकड्यांनी भरा आणि मगच बटण दाबा.

पुराचं वेगळं सांगायला पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरीपासून चिखली-आंबेवाडीपर्यंत पाणी शिरलेली घरं धुताना ब्लीचिंग पावडर, फिनेल, ॲसिड सगळं एकाच दिवशी, एकाच खोलीत वापरायची वेळ येते. तिथं मॉडेल नाही चालत. ब्लीचिंग पावडर आणि बाथरूमचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, छोट्या बाथरूममध्ये काही मिनिटांत जीव घुसमटतो, फुफ्फुसाला इजा होते. एक वापरलं तर भरपूर पाण्यानं धुऊन टाका आणि दुसरं त्या दिवशी वापरू नका, दारं-खिडक्या उघड्या ठेवा, पोरांना आणि म्हाताऱ्यांना घराबाहेर बसवा. डोळे चुरचुरायला लागले, खोकला आला तर काम तिथंच टाकून मोकळ्या हवेत यायचं, आणि दम लागत असेल तर थेट दवाखान्यात जायचं.

शेवटी एक वही करा, पानाला एक वस्तू. नाव, सीएएस नंबर, टक्का, बाटली लावल्याची आणि संपल्याची तारीख, खोली, हवेचा आकडा पावसाळ्यातला आणि उन्हाळ्यातला, सगळ्यात हलक्या माणसाचं वजन, किलोमागं मिलीग्रॅम, कशाशी ताडलं. मूल वाढेल तसा वजनाचा आकडा सहा महिन्यांनी बदला, फ्लॅट बदलला किंवा एसी बसवला तर हवेचा आकडा परत मोजा, कारण स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. आणि बालरोगतज्ज्ञांकडं जाताना वही बरोबर न्या, "घरात काय काय वापरता" असं त्यांनी विचारलं तर पान उघडून पुढं ठेवता येईल.